गरोदर बाईची गोळी कुणी बंद केली?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रत्नागिरीच्या कोर्टात माझ्या टेबलासमोर एक म्हातारी बाई येऊन बसली. सोबत तिची लेक. वय पंचवीस-सव्वीस, पाचवा महिना सरत आलेला, पण अंगावर गरोदरपणाचा भार म्हणून दिसत नव्हता. डोळे खोल गेलेले. म्हातारीने पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. जावयाने मुंबईतल्या वकिलामार्फत पाठवलेली घटस्फोटाची नोटीस होती. कारण लिहिले होते, 'पत्नी वेडसर असून तिच्यावर मानसोपचार चालू होते, ही बाब लपवून ठेवण्यात आली.'

मी नोटीस बाजूला ठेवली आणि आधी काय घडले ते विचारले. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगते. पहिल्या बाळंतपणानंतर मुलीला नैराश्याने घेरले होते. रडायची, झोप नाही, बाळाला घ्यायची नाही. माहेरच्यांनी तिला डॉक्टरांकडे नेले. सर्ट्रालीन नावाची गोळी सुरू झाली. दोन-तीन महिन्यांत बाई माणसांत आली, शेतावर जाऊ लागली, बचतगटाचा हिशेब लिहू लागली. पुढे दुसऱ्यांदा दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात नणंद गोळ्यांचे पाकीट घेऊन औषधाच्या दुकानात गेली. काउंटरवरच्या माणसाने सांगितले, 'पोटुशी बाईला ही गोळी? पोर वेडं होईल.' त्याच संध्याकाळी सासूने पाकीट चुलीत टाकले. तीन आठवड्यांत बाईचे जेवण तुटले. रात्री उठून विहिरीच्या काठावर जाऊन उभी राहू लागली. मग भगत झाला, नारळ झाला, कोंबडा झाला, 'बाहेरचं आहे' असा निकाल झाला. शेवटी तिला माहेरी आणून टाकली आणि मागोमाग नोटीस आली.

एवढा वेळ ती मुलगी गप्प होती. मी तिलाच विचारले, तेव्हा ती म्हणाली, 'वकीलबाय, माजी गोली बंद केलानी, तवा मला कुनी इचारलंच नाय.'

वाचकहो, हे एकच वाक्य या लेखाचे कारण आहे. गरोदर बाईने नैराश्यावरची गोळी घ्यावी की घेऊ नये, या प्रश्नावर दुकानदाराचे मत आहे, सासूचे आहे, नणंदेचे आहे, भगताचे आहे आणि मुंबईत राहणाऱ्या नवऱ्याचेही आहे. ज्या बाईचे मन आणि ज्या बाईचे पोट, तिचे तेवढे नाही. मी डॉक्टर नाही. मी कायदा शिकलेली बाई आहे. पण साक्षीपुरावा तपासणे हे माझे रोजचे काम आहे. तेव्हा या गोळीवर जो आरोप ठेवला जातो त्याचा पुरावा काय, हे आपण तपासूनच पाहू.

पहिली गोष्ट. आपल्याकडे सगळ्यांना मिळून 'डोक्याच्या गोळ्या' म्हणतात. या एका शब्दाने फार घोटाळा केला आहे. फिट्सवर आणि मनाच्या टोकाच्या चढउतारांवर व्हॅल्प्रोएट नावाचे औषध दिले जाते. ते गरोदरपणात खरोखर घातक आहे. ते घेणाऱ्या मातांच्या शंभरातल्या सुमारे दहा बाळांत जन्मजात व्यंग आढळते, आणि त्याहून कितीतरी जास्त मुलांची बौद्धिक वाढ मागे पडते. मूल होण्याच्या वयातल्या बाईला हे औषध देताना डॉक्टरांनी दहा वेळा विचार करायचा असतो, आणि ते चालू असताना दिवस गेले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो. पण सर्ट्रालीन, फ्लुओक्झेटीन, एस्सिटॅलोप्रॅम ही नैराश्यावरची औषधे वेगळ्या जातीची आहेत. एकाच्या गुन्ह्याची शिक्षा दुसऱ्याला देणे कायद्यात बसत नाही आणि वैद्यकशास्त्रातही बसत नाही.

मग या गोळ्या अगदी निर्दोष आहेत काय? तसेही नाही. २००५ साली याच गटातल्या पॅरॉक्सेटीन या औषधाबद्दल अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने इशारा दिला, की पहिल्या तीन महिन्यांत घेतल्यास बाळाच्या हृदयात दोष राहण्याची शक्यता वाढू शकते. म्हणून गरोदरपणात हे औषध नव्याने सुरू करणे आजही डॉक्टर टाळतात. २००६ साली एक अभ्यास आला. त्यात गरोदरपणाच्या उत्तरार्धात या गटाची औषधे घेतलेल्या मातांच्या बाळांत फुप्फुसांच्या रक्तदाबाचा एक गंभीर आजार सहापट दिसला. 'सहापट' हा शब्द जगभर पसरला आणि लाखो गरोदर बायका घाबरल्या.

पण कोर्टात आपण विचारतो, सहापट म्हणजे कशाच्या सहापट? हा आजार मुळातच हजारात एक-दोन बाळांना होतो. पुढे २०१५ साली अमेरिकेत ३७ लाखांहून अधिक गरोदरपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. औषध न घेतलेल्या मातांच्या हजार बाळांत साधारण दोन आणि औषध घेतलेल्या मातांच्या हजार बाळांत साधारण तीन, एवढाच फरक निघाला. मातांचे इतर आजार हिशेबात धरल्यावर तो आणखी कमी झाला.

हृदयातल्या दोषाचेही तसेच झाले. २०१४ साली अमेरिकेतल्याच सरकारी आरोग्य योजनेतल्या, म्हणजे गरीब घरांतल्या, साडेनऊ लाख गरोदर बायकांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ६४ हजारांहून अधिक बायकांनी पहिल्या तीन महिन्यांत नैराश्यावरची औषधे घेतली होती. वरवर पाहता त्यांच्या बाळांत हृदयदोष थोडे जास्त होते. पण या बायकांत मधुमेह, रक्तदाब, इतर औषधे आणि मुळातला नैराश्याचा आजार यांचे प्रमाणही जास्त होते. सारख्याशी सारखे तोलल्यावर लक्षात घेण्याजोगा फरक उरला नाही. गोळीवरचा बराचसा आरोप मूळ आजाराचा आणि परिस्थितीचा होता.

'पोर वेडं होईल' या वाक्याचा हिशेबही झाला आहे. स्वीडनमध्ये १५ लाखांहून अधिक जन्मांच्या नोंदी घेऊन २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच आईची दोन मुले घेतली, एकाच्या वेळी आईने गोळी घेतली होती आणि दुसऱ्याच्या वेळी नाही. अशा सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर स्वमग्नता किंवा अतिचंचलता या विकारांचा गोळीशी संबंध दिसला नाही. दिवस पूर्ण होण्याआधी प्रसूती होण्याचे प्रमाण मात्र किंचित जास्त राहिले. ते लपवायचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट बाळंतपणाआधीच घरच्यांना सांगून ठेवली पाहिजे. शेवटच्या महिन्यांत गोळी चालू असेल तर साधारण तीनातले एक बाळ जन्मल्यावर काही दिवस किरकिर करते, थरथरते, नीट दूध ओढत नाही, कधी जोरात श्वास घेते. बहुधा हे आपोआप ओसरते. पण बाळावर नजर ठेवायला हवी. म्हणून अशा बाईचे बाळंतपण घरी किंवा वाटेत जीपमध्ये होऊ देऊ नये. ते इस्पितळातच झाले पाहिजे आणि तिथल्या डॉक्टरांना गोळीचे नाव माहीत असले पाहिजे. दुधाची भीती मात्र नको. सर्ट्रालीन आईच्या दुधातून बाळात फारच थोड्या प्रमाणात जाते, म्हणून ती घेणाऱ्या आईला सहसा बाळाला पाजता येते.

आता फिर्यादीची बाजू झाली. दुसरी बाजू कुणी मांडतच नाही. गोळी बंद केल्याने काय होते? २००६ सालीच अमेरिकेत, पूर्वी गंभीर नैराश्य येऊन गेलेल्या २०१ गरोदर बायकांचा अभ्यास झाला. ज्यांनी औषध चालू ठेवले त्यांच्यापैकी २६ टक्के बायकांचा आजार उलटला, आणि ज्यांनी बंद केले त्यांच्यापैकी ६८ टक्क्यांचा. पुढच्या एका अभ्यासात एवढा मोठा फरक दिसला नाही, हेही खरे. आजार सौम्य असेल तर डॉक्टर गोळी हळूहळू कमी करून बोलण्याच्या उपचारावर बाईला सांभाळू शकतात. पण जिचा आजार खोल होता, जिने पूर्वी जीव द्यायचा प्रयत्न केला होता, तिची गोळी एका संध्याकाळी चुलीत टाकणे म्हणजे तिला विहिरीच्या वाटेवर सोडणे आहे. नैराश्याने खचलेली आई जेवत नाही, झोपत नाही, तपासणीला जात नाही. त्या उपासमारीत पोटातले बाळही उपाशी राहते. ब्रिटनसारख्या देशात माता-मृत्यूंची एकेक करून चौकशी होते, आणि बाळंतपणानंतरच्या वर्षात मरण पावणाऱ्या मातांच्या मोठ्या कारणांत आत्महत्या आढळते. आपल्याकडे अशा मृत्यूवर 'पाय घसरून विहिरीत पडली' एवढेच लिहिले जाते.

हा श्रीमंतांचा, शहरातल्या बायकांचा आजार आहे असे कुणी म्हणेल. त्याने शेजारच्या गोव्यात पाहावे. म्हापशाच्या इस्पितळात बाळंतपणासाठी आलेल्या २५२ बायकांचा अभ्यास विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी त्यांच्यापैकी २३ टक्के बायकांना नैराश्य होते. म्हणजे चार-पाच बाळंतिणींत एक. आणि त्या आजारी बायकांतल्या ७८ टक्के गरोदरपणातच मनाने खचलेल्या होत्या. कारणे कोणती निघाली? घरची गरिबी, भूक, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, मारहाण आणि मुलगी होणे. पहा, यात भुताचे नाव कुठे आहे? ही कारणे आपल्या वाडीवस्तीतली आहेत. मंडणगडपासून राजापूरपर्यंत घरोघरचा कर्ता पुरुष मुंबईला, घरात म्हातारी माणसे, आणि सूनबाई एकटी. तिच्या मनाची चौकशी शिमग्याला आणि गणपतीला आलेला नवरा चार दिवसांत किती करणार?

ज्या रत्नागिरीत १८८६ साली मनोरुग्णालय उभे राहिले, त्याच जिल्ह्यात मनाच्या आजाराचे नाव काढताच लोक माणसाकडे बोट दाखवून हसतात. मनोरुग्णालय गावात असून उपचाराची लाज वाटते आणि भगताकडे जाण्याची वाटत नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका आश्रमाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जागच्या जागी जळून मेले. पुढे आपल्या राज्यात, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, बांधून ठेवणे, चटके देणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. ज्या समाजाने १९५६ साली बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्याच्या एखाद्या घरातही सुनेला 'बाहेरचं' म्हणून भगताकडे नेले जात असेल, तर तो दोष दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येणार नाही.

आता माझ्या विषयाकडे येते. कायदा काय म्हणतो?

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. मानसिक आजार आहे म्हणून माणसाला निर्णय घेता येत नाही असे तो मानत नाही. दिलेली माहिती समजून घेऊन आपले मत सांगू शकणाऱ्या बाईचा उपचाराचा निर्णय तिचाच असतो. सरकारी उपचारकेंद्रात दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला, कार्ड हातात असो वा नसो, मोफत उपचार मिळण्याचा हक्क आहे. बाईला उपचारासाठी दाखल करावे लागले, तर तिच्या तीन वर्षांखालील मुलाला सहसा तिच्यापासून तोडता येत नाही. आजाराची माहिती गुप्त ठेवणे उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. मानसिक आजारावरचा उपाय म्हणून कुणाची नसबंदी करण्यास याच कायद्याने सक्त मनाई केली आहे. आणि पुढे आजार उलटला तर आपल्यावर कसा उपचार व्हावा, आपल्या वतीने कुणी बोलावे, हे बरी असतानाच लिहून ठेवण्याचा हक्कही प्रत्येक सज्ञान व्यक्तीला आहे. गरोदरपणाची तयारी करणाऱ्या बाईने हा कागद करून ठेवला, तर त्याचा उपयोग तिला बाळंतपणात होईल.

घटस्फोटाच्या नोटिसांना घाबरणाऱ्या माहेरच्या माणसांसाठी सांगते. हिंदू विवाह कायदा १९५५ हा बौद्धांनाही लागू आहे आणि त्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे. परंतु नुसता आजार असणे पुरेसे नाही, सोबत राहणे अशक्य व्हावे इतका तो गंभीर आहे हे सिद्ध करावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात स्पष्ट केले आहे. नैराश्यावरची गोळी घेणारी बाई म्हणजे वेडी बाई नव्हे. मधुमेहाची गोळी घेणाऱ्या नवऱ्याला कुणी टाकून देत नाही! उलट बाईचे औषध हिसकावून तिची प्रकृती धोक्यात घालणे हा २००५ च्या कायद्याच्या अर्थाने कौटुंबिक हिंसाचार ठरू शकतो. आणि गोळी चालू होती एवढ्याच कारणाने 'पोर पाडून टाका' असा दबाव आणणाऱ्यांनी हेही ऐकावे, की सज्ञान बाईच्या संमतीशिवाय तिचा गर्भपात करता येत नाही.

बाळंतिणीच्या हक्काचा हा विचार आपल्याला परका नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बोलताना बाबासाहेबांनी सांगितले होते, की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे यातच राष्ट्राचे हित आहे. आई सुखरूप राहणे हा घरगुती प्रश्न नाही, तो सार्वजनिक प्रश्न आहे, ही त्यांची भूमिका होती. आणि याच जिल्ह्यातल्या, दापोलीजवळच्या वणंद गावच्या रमाईंनी पाचांपैकी चार लेकरे गमावली. त्यांच्या मनाचे काय झाले असेल याचे निदान आज आपण करू नये. पण त्यांच्या दुःखावर गाणी गाणारे आपण, आपल्याच घरातल्या सुनेच्या दुःखाला 'सोसायला शिक' म्हणतो तेव्हा रमाईंकडून काय शिकलो? सोसणे हा बाईचा दागिना आहे ही शिकवण मनूची आहे, आपली नाही.

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने या गोळ्यांवर तज्ज्ञांची बैठक बोलावली. तिथे बहुतेक वक्त्यांनी धोकेच सांगितले आणि त्या देशातल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने त्या एकतर्फीपणावर जोरदार आक्षेप घेतला. अशा बैठकीची अर्धी बातमी मोबाइलवरून वाडीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. आक्षेपाची उरलेली अर्धी बातमी मात्र पोचत नाही. ती पोचवणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.

म्हणून गावशाखा आणि महिला मंडळांना माझे सांगणे आहे. वर्षावासाच्या प्रवचनमालेत एक दिवस या विषयाला द्या आणि त्या दिवशी गावातल्या आशाताईला, जमल्यास डॉक्टरांना बोलवा. गरोदर बाईचे वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन पाहिले जाते, तसे 'झोप लागते का, जेवण जाते का, जीव नकोसा होतो का' हेही विचारले जाऊ द्या. रक्त कमी असले किंवा थायरॉईड बिघडले तरी बाई अशीच मलूल दिसते, म्हणून ती तपासणी आधी करून घ्या. गोळी चालू असताना दिवस गेले तर स्वतःहून एकदम बंद करू नका. एकदम बंद केल्यास चक्कर येते, झोप उडते, डोक्यात वीज चमकल्यासारखे होते. आधी मानसोपचारतज्ज्ञाला आणि बाळंतपणाच्या डॉक्टरांना, दोघांनाही दाखवा. गोळी चालू ठेवायची, बदलायची की हळूहळू कमी करायची, हे त्यांनी बाईला समजावून सांगायचे आणि तिने ठरवायचे. दुकानदाराचे काम चिठ्ठीप्रमाणे औषध देण्याचे आहे. डॉक्टरांचा उपचार थांबवण्याचे नाही. आणि जवळ कुणीच नसेल तर १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी क्रमांकावर मराठीत, मोफत बोलता येते.

सौम्य आजारात माणसाच्या सोबतीनेही फरक पडतो. गोव्यात गावातल्याच साध्या बायकांना शिकवून त्यांच्याकरवी खचलेल्या गरोदर बायकांशी बोलण्याचा प्रयोग झाला आणि २०१९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याचा उपयोग माफक दिसला, पण दिसला. म्हापशाच्या बायकांना जे जमले ते आपल्या महिला मंडळांना का जमू नये?

त्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगून थांबते. तिला डॉक्टरांकडे नेले. गोळी पुन्हा सुरू झाली. महिन्या-दीड महिन्याने ती आईबरोबर पुन्हा आली, तेव्हा नोटिशीच्या उत्तराचा मसुदा तिने स्वतः वाचला आणि दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली. इस्पितळात बाळंत झाली. मुलगी झाली. पहिले तीन-चार दिवस पोर किरकिर करत होते, नंतर नीट दूध प्यायला लागले. नवऱ्याने नोटीस मागे घेतलेली नाही, पण कोर्टात दावाही दाखल केलेला नाही. सासू एकदा येऊन नातीला बघून गेली. गोळ्यांचे पाकीट आता त्या मुलीच्या स्वतःच्या डब्यात असते, आणि त्या डब्याला तिने कुलूप लावले आहे.

जयभीम.